कुलपापासून चांद्रयानापर्यंत

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लोखंडी कपाटाला कुणी कपाट म्हणतच नाही. ‘दागिने गोदरेजमध्ये ठेव’, ‘गोदरेजची चावी कुठं आहे?’ असंच बोललं जातं. मग ते कपाट कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेलं का असेना. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ घेऊन रॉकेट झेपावलं, तेव्हा त्याच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात ‘विकास’ जातीची इंजिनं धगधगत होती. त्या इंजिनांच्या घडणीत मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेजच्या कारखान्याचा हात होता.

साड्या आणि दागिने ठेवायचं कपाट करणाऱ्यांना रॉकेटचं इंजिन कसं जमलं? त्याहून मोठा प्रश्न असा, की १८९७ मध्ये एका शेडमध्ये सुरू झालेला घरगुती धंदा सव्वाशे वर्षं टिकला कसा? या काळात दोन महायुद्धं झाली, इंग्रज गेले, परवान्यांचं राज्य आलं आणि गेलं, टाइपरायटर जाऊन संगणक आले. त्या वेळचे बहुतेक कारखाने आज नावालाही उरलेले नाहीत.

अशा कंपन्यांबद्दल ‘दूरदृष्टी’ हा शब्द फार सढळपणे वापरला जातो. पण दूरदृष्टीने नेमकं काय होतं, ते कळत नाही. इथे आपण त्यामागची रीत उलगडून पाहू.

वस्तू बदलते, हात तेच राहतात

कणीक उत्तम मळता येणाऱ्या बाईला पोळी येते, पुरी येते, थोड्या प्रयत्नाने करंजी आणि पुरणपोळीही जमते. उद्या घरातल्यांनी पोळी खाणं सोडलं, तर तिची ‘पोळी’ ही वस्तू जाईल, पण कणकेवर बसलेला हात जाणार नाही. कंपनीचंही तसंच असतं. बाजारात दिसते ती वस्तू. तिच्यामागे असतं ते कौशल्य, म्हणजे कामगारांच्या हातातलं कसब, यंत्रं, साचे, मोजमापाची शिस्त आणि मालाची पारख. वस्तू म्हातारी होते. कौशल्य जपलं तर ते पुढच्या वस्तूत उतरतं.

ज्या कंपन्या स्वतःची ओळख वस्तूवरून ठरवतात, त्या वस्तूबरोबर जातात. ज्या ती कौशल्यावरून ठरवतात, त्यांना दुसरी वाट सापडते. गोदरेजच्या इतिहासात ही वाट पायरी-पायरीने दिसते.

पहिली पायरी : केसभर चुकलं तरी न उघडणारं कुलूप

अर्देशीर गोदरेज (१८६८–१९३६) मुळात वकील. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते झांझिबारला गेले. खरी नसलेली बाजू मांडायला त्यांनी नकार दिला आणि वकिली सोडून ते मुंबईला परतले. आधी त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायला घेतली. माल घेणाऱ्याला त्यावर ‘भारतात बनवलेलं’ अशी मोहोर नको होती, अर्देशीरना ती हवीच होती. धंदा तिथेच थांबला. मग मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं बनू लागली.

चांगल्या कुलपाच्या पोटात काय असतं? पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. किल्लीचा प्रत्येक दात आपल्या वाट्याची पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की अडसराला सरकायला वाट मिळते आणि कुलूप उघडतं. एखादी पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली, तर अडसर जागचा हलत नाही. सुरक्षितता आहे ती या केसभर अंतरात.

या पट्ट्यांना जागेवर दाबून धरायला सहसा स्प्रिंग लागते, आणि स्प्रिंग गंजते, ढिली पडते, तुटते. अर्देशीरनी बिनस्प्रिंगचं लिव्हर कुलूप तयार करून त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या एका कुलपात कुणी परकी किल्ली फिरवली की अडसर अडकून बसायचा. त्यामुळे आपल्या माघारी कुणीतरी प्रयत्न करून गेलंय, हे मालकाला कळायचं.

अर्देशीरच्या शेडमध्ये कुलपं तर बनलीच, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट तयार झाली. धातूचे छोटे तुकडे अगदी नेमक्या मापात आणि दर वेळी सारखेच कापायची सवय कारागिरांच्या हातात मुरली. पुढचं सगळं घर या पायावर उभं राहिलं.

तिजोरी, कपाट, मतपेटी, फ्रिज

कुलूप बळकट झालं, तर चोर पेटीच फोडणार. म्हणून १९०२ पासून तिजोऱ्या आल्या. तिजोरीचा दुबळा भाग म्हणजे सांधा, कारण पहार घुसते ती तिथेच. तेव्हा पत्रा जमेल तितका अखंड ठेवून वाकवायचा आणि सांधे कमी करायचे, हे नवं कसब शिकावं लागलं. दुसरा शत्रू आग. त्यासाठी तिजोरीच्या भिंती दुहेरी करतात आणि मधल्या पोकळीत उष्णता अडवणारं भरण घालतात. या भरणात पाणी बांधलेलं असतं. आगीत तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि बरीचशी उष्णता त्यातच खर्ची पडते. आतल्या कागदांपर्यंत ती पोचेपर्यंत आग विझवायला वेळ मिळतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा भयंकर स्फोट झाला आणि आसपासचा भाग जळाला. त्या आगीतही गोदरेजच्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत राहिल्याच्या आठवणी कंपनीच्या इतिहासात आहेत.

१९२३ मध्ये लोखंडी कपाट आलं. पत्रा पातळ झाला, पण तो वाकवायची रीत तिजोरीची आणि कुलूप पहिल्यापासूनचं. वाळवी आणि पावसाळी दमटपणाला कंटाळलेल्या घरांना ते हवंच होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५१–५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. देशभर सुमारे २५ लाख लोखंडी पेट्या लागणार होत्या. त्यांतल्या लाखो पेट्या विक्रोळीत तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावायचं म्हटलं तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. त्यामुळे बंद करण्याची सोय पेटीच्या आतच बसवली गेली. कुलूप आणि पत्रा ही दोन्ही कौशल्यं एका हाताखाली होती, म्हणून हे जमलं.

१९५८ मध्ये फ्रिज आला. वरवर पाहता तिजोरी आणि फ्रिज यांचा काही संबंध नाही. पण फ्रिज म्हणजे वाकवलेल्या पत्र्याचीच पेटी. तिच्याही भिंती दुहेरी, मध्ये उष्णता अडवणारं भरण आणि वर घट्ट बसणारं दार. तिजोरी आगीच्या वेळी उष्णता बाहेर ठेवते, फ्रिजला ते काम रात्रंदिवस करायचं असतं. नवीन होता तो फक्त थंडावा निर्माण करणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्यात फिरणारा वायू. तेवढ्यापुरती कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची मदत घेतली.

या साखळीतला नियम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक नव्या वस्तूत बराचसा भाग ओळखीचा होता आणि शिकायचं असायचं ते एखादंच नवं कसब. माल, कारागिरी आणि गिऱ्हाईक हे तिन्ही एकदम बदलायचा धोका त्यांनी सहसा पत्करला नाही.

साबण कुठून आला?

इथे चोखंदळ वाचक विचारील, की मग साबणाचं काय? पत्रा वाकवता येतो म्हणून साबण थोडाच बनवता येतो!

खरंच, साबण ही वेगळी वाट होती. त्या काळी साबणात सर्रास जनावरांची चरबी असे. अनेक हिंदू, जैन आणि मुस्लिम घरांना ती चालत नव्हती. शुद्ध वनस्पती तेलाचा साबण मिळाला तर लाखो घरांची अडचण दूर होणार होती. १९१८ मध्ये अर्देशीरनी तसा साबण काढला. त्याचं नाव होतं ‘चावी’. पुढे ‘नंबर १’ साबण आला, तो आजही दुकानात मिळतो.

इथे जुनं कौशल्य उपयोगी नव्हतं, पण जुना विश्वास होता. ज्याच्या कुलपावर आपण घर सोपवतो, त्याने ‘यात चरबी नाही’ म्हटलं तर लोक मानतात. त्यात स्वदेशीची चळवळ जोरात होती, आणि अर्देशीर त्यात मनापासून होते. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळच्या मानाने ती डोळे विस्फारायला लावणारी रक्कम होती.

एकदा तेलात हात घातल्यावर त्याचीही स्वतंत्र साखळी तयार झाली. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया झाली की साबणाबरोबर ग्लिसरीनही मिळतं. तेलातली मेदाम्लं वेगळी केली तर ती औषधांपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत कामाला येतात. पुढे रसायनं आली, पशुखाद्य आलं, पाम तेल आलं. एका घरात लोखंडाचा आणि तेलाचा असे दोन वंश वाढत गेले.

टाइपरायटरचा उदय आणि अस्त

बदलाशी जुळवून घेणं म्हणजे नवं सुरू करणं, एवढंच बहुतेकांना वाटतं. जुनं थांबवणं त्याहून कठीण असतं. त्यासाठी टाइपरायटरची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे.

१९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. या यंत्रात शेकडो सुटे भाग असतात. कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उडते, तिच्या टोकावरचं अक्षर शाईच्या फितीवर आपटतं, आणि त्याच क्षणी कागद धरणारा गाडा बरोबर एक घर सरकतो. मराठीसाठी यात आणखी एक खुबी लागते. वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही चिन्हं अक्षराच्या डोक्यावर बसतात. म्हणून काही कळा अशा ठेवाव्या लागतात, की त्या दाबल्या तर खूण उमटते पण गाडा हलत नाही. मग पुढची कळ दाबली की अक्षर त्या खुणेखाली येऊन बसतं. गाडा अर्धा केस जरी चुकून सरकला, तरी मात्रा शेजारच्या अक्षरावर जाते. कुलपाच्या लिव्हरमध्ये मुरलेली अचूकता इथे कामाला आली.

कचेऱ्या, कोर्टाची आवारं, टायपिंगचे क्लास, सगळीकडे ही यंत्रं पोचली. मग संगणक आला. नव्वदच्या दशकात मोठ्या कचेऱ्या तिकडे वळल्या, २००० नंतर मागणी झपाट्याने आटली. तरीही कंपनीने एका फटक्यात दुकान बंद केलं नाही. दूरच्या तालुक्यांतली न्यायालयं, सरकारी खाती आणि टायपिंगच्या परीक्षा देणारी मुलं अजून यंत्रं मागत होती. शेवटच्या काही वर्षांतही वर्षाला १० ते १२ हजार यंत्रं निघत होती. २००९ मध्ये उत्पादन थांबलं. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात तेव्हा हे काम चालत असे. तो कारखाना ओसाड पडला नाही, तिथे फ्रिज बनू लागले. २०११ मध्ये ‘टाइपरायटर संपला’ ही बातमी जगभर झळकली, तेव्हा कंपनीकडे थोडी यंत्रं शिल्लक होती आणि त्यांतली बहुतेक अरबी लिपीची होती.

या माघारीत शिस्त होती. मागणी होती तोवर गिऱ्हाइकाला माल दिला, पण मावळत्या वस्तूत नवा पैसा ओतला नाही, आणि जागा व माणसं दुसऱ्या कामाला लावण्याची सोय ठेवली. ज्या धंद्यात वस्तू एकच असते, त्याला अशी माघार घेता येत नाही, कारण मागे सरकायला दुसरी जागाच नसते.

रॉकेटपर्यंतची उडी

१९८० च्या दशकात इस्रोला द्रव इंधनावर चालणारी इंजिनं देशात बनवून हवी होती. १९८५ पासून गोदरेज या कामात आली. इंजिनाच्या ज्वलनकक्षात प्रचंड उष्णता आणि दाब असतो. खास मिश्रधातूंचे भाग सूक्ष्म मापात कातावे लागतात, आणि त्यांचे जोड असे वितळवून सांधावे लागतात की त्यांत सुईच्या अग्राएवढीही फट राहता कामा नये. कपाट बनवणारा कारागीर सकाळी उठून हे करू शकत नाही, हे उघड आहे. पण मधल्या काळात कंपनी यंत्रं, साचे आणि कारखान्यांना लागणारी अवजड उपकरणं बनवू लागली होती. कपाट आणि रॉकेट यांच्यातल्या पायऱ्या आपल्याला घरात दिसत नाहीत, म्हणून ही उडी वाटते. प्रत्यक्षात तो जिना होता.

या कामात नफा लगेच मिळत नाही. मागणी थोड्या नगांची असते आणि तपासणी कमालीची कडक. अशा कामात दशकानुदशकं टिकून राहायला वेगळ्या प्रकारचा मालक लागतो.

घरच्या मालकीचं बळ आणि धोका

लोखंडाच्या वंशाची मूळ कंपनी, ‘गोदरेज अँड बॉयस’, शेअर बाजारात नोंदलेली नाही. दर तीन महिन्यांनी नफ्याचा आकडा दाखवून बाजाराला खूश ठेवायची गरज तिला पडत नाही. बाजारात नोंदलेल्या कंपनीला दहा वर्षांनी फळणाऱ्या कामासाठी भागधारकांना समजवावं लागतं, कुटुंबाला ते जेवणाच्या टेबलावर ठरवता येतं. अर्देशीरचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची मोठी जमीन घेतली, तेव्हा तो भाग शहराबाहेरचा होता. तिथे कारखान्यांसोबत कामगारांची वसाहत आणि शाळा उभी राहिली, खाडीकाठची खारफुटी राखली गेली. इतकी लांबची गणितं घाईतल्या पैशाला परवडत नाहीत.

पण घरच्या मालकीला धोकेही असतात. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या. गोदरेजने साबणासाठी प्रॉक्टर अँड गॅम्बलशी आणि घरगुती उपकरणांसाठी जनरल इलेक्ट्रिकशी भागीदारी केली. दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत. साबणाची भागीदारी १९९६ मध्ये संपली, तेव्हा मालाची विक्री आणि वाटप यांची स्वतःची घडी पुन्हा बसवावी लागली. तंत्र उसनं घेता येतं, पण गिऱ्हाइकापर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या हाती दिला की तो परत मिळवणं महाग पडतं, हा त्यातला धडा.

दुसरा धोका वाटणीचा. ३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज कुटुंबाने आपला उद्योग दोन गटांत वाटून घेतल्याचं जाहीर केलं. जमशेद गोदरेज यांच्याकडे कुलपं, कपाटं, फ्रिज, अवकाश आणि विक्रोळीची जमीन असलेला गट गेला. आदि आणि नादिर गोदरेज यांच्याकडे साबण, रसायनं, शेती आणि बांधकामाचा गट आला. थोडक्यात, लोखंडाचा वंश एकीकडे आणि तेलाचा दुसरीकडे. एकसंध कौशल्यावर कुऱ्हाड न चालवता मुळातच असलेल्या सांध्यावर वाटणी केली, हे शहाणपण.

उलट उदाहरण जपानचं आहे. ओसाकाची ‘काँगो गुमी’ ही बौद्ध मंदिरं बांधणारी घरगुती कंपनी इसवी सन ५७८ मध्ये सुरू झाल्याचं मानलं जातं. चौदा शतकं लाकूडकामाचं अद्वितीय कसब तिच्या सुतारांनी जपलं. १९८० च्या दशकातल्या जमिनीच्या भाववाढीत तिने कर्ज काढून त्या व्यवहारात पैसा गुंतवला. भाव कोसळले, मंदिरांची कामंही कमी झाली, आणि २००६ मध्ये ती दुसऱ्या बांधकाम कंपनीच्या पोटात गेली. सुतारांचे हात शाबूत होते, बुडवलं ते कर्जाने.

आपल्याकडे किर्लोस्करांची वाट गोदरेजच्या जवळची आहे. बेळगावात १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. त्यातून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसल्यावर पंप. इथेही ओतकाम आणि शेतकरी हे दोन धागे धरूनच वस्तू बदलत गेल्या.

चौकट : टिकणाऱ्या घरगुती उद्योगाची पाच लक्षणं

• ओळख वस्तूवरून ठरत नाही, कौशल्यावरून ठरते.
• नव्या कामात बराचसा भाग ओळखीचा असतो, नवं एका वेळी थोडंच शिकलं जातं.
• गिऱ्हाइकाचा विश्वास हे भांडवलच आहे. तो नव्या वस्तूलाही आधार देतो.
• मावळतं काम वेळेत आणि शिस्तीत थांबवलं जातं, माणसं आणि जागा पुढच्या कामाला लागतात.
• घरचा पैसा धीराचा असतो, पण कर्जाची उडी आणि अवेळी वाटणी त्याचाही घात करते.

आपल्या दुकानापुरतं

हे सगळं मोठ्यांचं झालं, असं म्हणून बाजूला ठेवण्यासारखं नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात दोन-तीन पिढ्यांचे छापखाने, फोटो स्टुडिओ, शिंपीकाम, सुतारकाम आणि भांड्यांची दुकानं आहेत. त्यांतली अनेक आज अडचणीत आहेत. खिळे जुळवणारा छापखाना संगणकाने मागे टाकला हे खरं, पण अक्षरांची जाण, कागदाची पारख आणि गावातल्या तीनशे घरांशी असलेला व्यवहार संगणकाने हिरावलेला नाही. पुढचं काम त्यातूनच शोधावं लागेल.

म्हणून घरच्या धंद्यात असलेल्यांना एक आग्रहाची विनंती. ‘आता कोणती नवी वस्तू विकावी?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी घरातल्या थोरांना आणि जुन्या कामगारांना घेऊन बसा आणि आपल्या हातांना नेमकं काय चांगलं येतं, त्याची यादी करा. वस्तूंची यादी दर पिढीला बदलेल, बदलायलाच हवी. ही दुसरी यादी मात्र पुढच्या पिढीच्या हातात देऊन ठेवा.